आपल्या भुकेची वेळ कोणाला ठाऊक आहे?



उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी ख्रिस्तसभा आपल्याला दरवर्षी एकाच ठिकाणी घेऊन जाते : अरण्यात. प्रभू येशू चाळीस दिवस आणि चाळीस रात्री उपाशी आहे. सोबतीला माणूस नाही, जवळ अन्न नाही. अशा वेळी सैतान त्याच्याकडे येतो. संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा हा चौथा अध्याय आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. येशूला भूक लागली असे मत्तय आधी सांगतो आणि मग मोह घालणारा पुढे येतो. आल्याबरोबर तो जगातील राज्ये दाखवीत नाही. तो भाकरीचा विषय काढतो. उपाशी माणसाकडे कोणता विषय घेऊन जायचा, हे त्याला चांगले ठाऊक आहे.

म्हणजे मोहाचे बळ केवळ वस्तूत नसते, ते वेळेतही असते. पोट भरलेल्या माणसाला भाकर दाखवली तर तो हसून पुढे जातो. तीच भाकर चाळीस दिवसांच्या उपाशी माणसासमोर धरली, तर त्याची खरी कसोटी लागते. ज्याला माझ्या भुकेची वेळ कळली, त्याच्या हातात माझ्या मनाच्या दाराची कडी आली.

बंधुभगिनींनो, आज आपल्या भुकेची वेळ बाजारात विकली जाते. आपल्या खिशातल्या मोबाइलविषयी मला आज तुमच्याशी बोलायचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळांना हा अनुभव आला असेल. गुडघेदुखीवरचे औषध एकदा इंटरनेटवर शोधले की पुढचे पंधरा दिवस बातम्या वाचताना, व्हिडिओ पाहताना गुडघ्याचे पट्टे आणि तेलाच्या बाटल्या समोर येत राहतात. मुलीच्या लग्नासाठी एखादा हॉल पाहिला की दागिने, कॅटरर आणि कर्ज देणारे रांगेत उभे राहतात. काहींना वाटते, मोबाइल आपले बोलणे ऐकतो. खरे तर त्याला ऐकण्याची गरजच पडत नाही. आपण काय शोधले, कोणते पान किती वेळ वाचले, कुठे गेलो, रात्री किती वाजता जागे होतो, एवढ्यावरून पुष्कळ काही कळते.

हे कसे चालते ते थोडक्यात समजून घेऊ. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली या अभियंत्याने ‘कुकी’ नावाची युक्ती काढली. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या संगणकात ठेवलेली लहानशी चिठ्ठी. आपण पुन्हा गेलो की ती पाहून संकेतस्थळाला आपली ओळख पटते. हेतू साधा होता : खरेदीच्या टोपलीत टाकलेली वस्तू दुसऱ्या पानावर गेल्यावर विसरली जाऊ नये. आपल्या गावचा किराणा दुकानदार उधारीची वही ठेवतो, तशीच ही वही. त्यात वावगे काही नव्हते.

पण लवकरच जाहिरात कंपन्यांनी आपापल्या चिठ्ठ्या हजारो संकेतस्थळांवर ठेवायला सुरुवात केली. कल्पना करा : तुम्ही किराणा दुकानातून निघालात आणि एक अनोळखी माणूस वही घेऊन तुमच्या मागे चालू लागला. तुम्ही औषधांच्या दुकानात गेलात, त्याने लिहून घेतले. बँकेत गेलात, लिहून घेतले. डॉक्टरांकडे गेलात, चर्चमध्ये आलात, बहिणीच्या घरी भांडण मिटवायला गेलात, सगळे लिहून घेतले. संध्याकाळी त्याने ती वही उघडून बाजारात लिलाव पुकारला : या माणसाच्या डोळ्यांसमोर उभे राहायला कोण किती पैसे देतो? इंटरनेटवर हा लिलाव खरोखरच होतो. पान उघडते न उघडते, डोळ्याचे पाते लवायच्या आत बोली लागते, आणि जिंकणाऱ्याची जाहिरात आपल्यापुढे येते.

या व्यवहाराचा आकार लहान नाही. गुगलची मालक कंपनी अल्फाबेट हिला २०२३ साली सुमारे ३०७ अब्ज डॉलर उत्पन्न मिळाले, त्यातले सुमारे २३८ अब्ज डॉलर जाहिरातींचे होते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालक कंपनी मेटा हिचे त्या वर्षीचे शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव रुपये जाहिरातींतून आले. आपल्याला या सेवा फुकट मिळतात असे आपण म्हणतो. त्यांची किंमत आपण आपल्या लक्षाने आणि आपल्या माहितीने चुकती करतो.

जाहिरात करणे हे पाप आहे असे मी म्हणत नाही. पहाटे भाजीची टोपली घेऊन आरोळी देणारी बाईदेखील जाहिरातच करते. आपल्या सणाच्या स्मरणिकेतही जाहिराती असतात आणि त्यातून छपाईचा खर्च निघतो. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने १९९७ साली जाहिरातीतील नीतिमत्तेवर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याने जाहिरातीचे चांगले उपयोग मान्य केले आणि तीन कसोट्या सांगितल्या : सत्य, मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी. त्यांतली दुसरी कसोटी आपल्या विषयाच्या मुळाशी आहे.

भाजीवाली आरोळी देते ती सगळ्या वाडीला. ऐकणारा ऐकतो, नको असेल तो दार उघडत नाही. पण तिला जर कोणी येऊन सांगितले, की त्या अमक्या घरात आज नवराबायकोचे भांडण झाले आहे, बाई रडते आहे, आता गेलीस तर ती किंमत न विचारता घेईल, तर त्या आरोळीचे रूप पालटते. मे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका वृत्तपत्राने फेसबुकचा एक अंतर्गत कागद उघडकीस आणला. किशोरवयीन मुलांना आपण असुरक्षित आहोत, कवडीमोल आहोत असे वाटत असते, ते क्षण कंपनीला ओळखता येतात, असे त्यात जाहिरातदारांसाठी लिहिले होते. माणसाच्या भावनांनुसार जाहिराती दाखवण्याची सोय आम्ही देत नाही, असा खुलासा कंपनीने केला. खुलासा आपण ऐकून घेऊ. पण चौदा-पंधरा वर्षांचे लेकरू कोणत्या क्षणी खचलेले आहे, हे आईबापांच्या आधी एखाद्या कंपनीला कळू शकते, एवढे तरी त्यातून दिसून आले. अरण्यातली ती वेळ आठवा. भूक लागल्यावर मोह घालणारा आला.

यावर कोणी म्हणेल, “फादर, देवालाही सगळे कळतेच ना? मग कंपनीला कळले तर काय बिघडले?” प्रश्न चांगला आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

होय, देवाला सगळे ठाऊक आहे. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता सांगतो, की आपले बसणे-उठणे, आपले विचार, जिभेवर यायच्या आधीचा शब्द, सारे परमेश्वर जाणतो. आपल्या डोक्यावरचे केसही मोजलेले आहेत, असे येशूने शिष्यांना सांगितले. पण त्याने हे कशासाठी सांगितले ते पाहा. भिऊ नका, हे सांगण्यासाठी. ज्याने केस मोजले, त्याला आपल्याकडून काही विकत घ्यायचे नाही आणि आपल्याला काही विकायचेही नाही.

शोमरोनी स्त्रीची आठवण करा. विहिरीवर भर दुपारी ती एकटी आली. येशूला तिचे सगळे आयुष्य ठाऊक होते, पाच नवऱ्यांची हकीकतही ठाऊक होती. ते ज्ञान त्याने तिच्याविरुद्ध वापरले नाही, गावात जाऊन सांगितलेही नाही. ती स्वतःच घागर टाकून गावाकडे धावली आणि ज्याने मला पूर्ण ओळखले त्याला येऊन पाहा, असे लोकांना आनंदाने सांगू लागली. जक्कयला त्याने झाडावर पाहिले आणि नावाने हाक मारली. जक्कयकडे पैसा आहे हे येशूला माहीत नव्हते काय? पण त्याने पैसा मागितला नाही. तो त्याच्या घरी उतरला, आणि जक्कय आपण होऊन देता झाला.

पोप दुसरे जॉन पॉल हे पोप होण्यापूर्वी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १९६० साली त्यांनी ‘प्रेम आणि जबाबदारी’ हा ग्रंथ पोलिश भाषेत प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य विचार असा की माणसाला वापरायचे नसते. माणसाशी वागण्याची योग्य रीत एकच, आणि ती म्हणजे प्रेम. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. प्रश्न एवढाच नाही की मला कोण ओळखतो. तो मला कशासाठी ओळखतो, हाही प्रश्न आहे. मेंढपाळ मेंढरांना नावानिशी ओळखतो. कसायालाही प्रत्येक मेंढराचे वजन अचूक माहीत असते. मेंढराविषयीची माहिती दोघांकडे आहे, पण मेंढरू सुखरूप असते ते एकाच्याच हातात.

दुसरा प्रश्न नेहमी विचारला जातो : “माझ्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?” उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा पाप करून लपतात. देव त्यांना शोधतो, जाब विचारतो. पण बागेबाहेर पाठवण्यापूर्वी तो त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रे करून त्यांना घालतो. सर्व काही पाहणारा देव पापी माणसालाही उघडे ठेवीत नाही. नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला, तेव्हा त्याच्या एका मुलाने पाहिले आणि बाहेर जाऊन सांगितले. इतर दोघे पाठमोरे चालत आत गेले आणि बापाला झाकून आले. आशीर्वाद झाकणाऱ्यांना मिळाला. घराला दार असते, अंगावर वस्त्र असते, ते काही आपण चोर आहोत म्हणून नव्हे. माणसाच्या आत एक पवित्र जागा आहे, जिथे तो देवाशी एकटा बोलतो. आपल्या खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करा, असे येशूने सांगितले ते याच जागेसाठी.

ख्रिस्तसभा ही जागा मोठ्या काळजीने जपते. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने कोणत्याही कारणासाठी उघड करायचे नाही. जीव गेला तरी नाही. १९८३ च्या कॅनन कायद्याचे २२० वे कलम सांगते, की कोणाच्याही सुकीर्तीला आणि खाजगीपणाच्या हक्काला अन्यायाने बाधा आणू नये. आपल्या देशातही २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा नागरिकांचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यावर या कायद्यात बंदी आहे. मात्र त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत, आणि सरकार सवलतीही देऊ शकते.

कायदा हवा, पण कायद्यावर आणि कंपन्यांच्या शब्दावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. ॲपलच्या सफारीने २०२० साली परक्यांच्या कुकी बंद केल्या. गुगलनेही त्याच वर्षी आपल्या क्रोममधून त्या हद्दपार करण्याचे जाहीर केले. पण मुदत पुढे पुढे ढकलीत एप्रिल २०२५ मध्ये तो बेत सोडून दिला. प्रार्थनेच्या खोलीचे दारही नेहमी बंद राहतेच असे नाही. २०२० साली अमेरिकेत बातमी उघड झाली, की नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या एका लोकप्रिय ॲपमधून लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती एका दलाल कंपनीकडे जात होती, आणि तिथून ती लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत पोहोचत होती. भाविकांनी ॲप घेतले होते देवाला हाक मारण्यासाठी. ते आपले मुस्लिम बांधव होते म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे आपण म्हणणार काय?

आता मी सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. खाजगीपणा हा केवळ माझा प्रश्न आहे असे आपण समजतो. तसे नाही. माझ्या मोबाइलमध्ये माझ्या शेजाऱ्याचे दारही असते.

२०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचे प्रकरण जगभर गाजले. फेसबुकवरील स्वभावचाचणीच्या एका ॲपमधून लोकांची माहिती राजकीय प्रचारासाठी गेली होती. फेसबुकने त्या वेळी भारताविषयी जे आकडे दिले, ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. आपल्या देशात ते ॲप घेणारे होते अवघे ३३५ जण. आणि ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती, ते होते ५ लाख ६२ हजारांहून अधिक. काही माणसांनी गंमत म्हणून ‘हो’ म्हटले आणि लाखो मित्र-परिचितांची दारे उघडली. त्या लाखोंना कोणी विचारलेदेखील नाही.

याहून जवळचे उदाहरण मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचे आहे. अडचणीतल्या माणसाला दहा मिनिटांत पैसे मिळतात. बदल्यात ॲप त्याच्या मोबाइलमधील सगळे नंबर आणि फोटो मागते. हप्ता चुकला की कर्जदाराच्या सासऱ्याला, मालकाला, बहिणीला शिवीगाळीचे फोन जातात. काही ठिकाणी फोटो विकृत करून पाठवले गेले आणि माणसांनी जीव दिले. अखेर रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२२ मध्ये नियम करावा लागला, की कर्ज देणाऱ्या ॲपने ग्राहकाची संपर्कयादी, फोटो आणि कॉलची नोंद यांना हात लावू नये. पण चोरटी ॲप नियम पाळत नाहीत. आपल्या धर्मग्रामात कोणी अशा फासात अडकला असेल, तर त्याने लाजेने गप्प राहू नये. माझे दार त्याच्यासाठी उघडे आहे, आणि पोलिसांकडे जायचे असेल तर मी सोबत येईन. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी मदत क्रमांक आहे, तो घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगून ठेवा.

मग या चाळीस दिवसांत आपण काय करावे? मोबाइल बावखलात टाकून द्या असे मी सांगणार नाही. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा आईला त्यातच दिसतो. मी चार साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली : एका संध्याकाळी घरातल्या तरुण मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि प्रत्येकाच्या मोबाइलची सेटिंग तपासा. कोणकोणती ॲप आपला ठावठिकाणा, संपर्कयादी, मायक्रोफोन आणि फोटो वापरतात ते पाहा. टॉर्चच्या ॲपला आपल्या आत्याचा नंबर कशाला हवा? ज्याला गरज नाही त्याची परवानगी काढून घ्या. तिथेच जाहिरातींसाठीची आपली ओळख पुसून टाकण्याची आणि व्यक्तिगत जाहिराती बंद करण्याची सोयही मिळेल. जाहिराती थांबणार नाहीत, पण आपल्या मागे चालणाऱ्याच्या वहीतली काही पाने तरी कोरी राहतील.

दुसरी : ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी थोडे थांबा. नाही म्हणण्याचे बटण बहुधा फिकट आणि कोपऱ्यात असते. ते शोधा. उपवास म्हणजे तरी काय? समोर आलेल्या प्रत्येक ताटाला लगेच ‘हो’ न म्हणण्याचा सराव.

तिसरी : दुसऱ्याचे झाकून ठेवा. आजाऱ्याचा रुग्णालयातला फोटो, कोणाच्या मुलीचे जमलेले किंवा मोडलेले लग्न, शाळेच्या गणवेशातली लहान मुले, अंत्यविधीतले रडणारे चेहरे, हे ग्रुपवर टाकण्यापूर्वी त्या घराला विचारा. धर्मग्रामातही आपण हाच नियम पाळू. या रविवारपासून आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत पूर्ण नाव हवे की नको, हे कुटुंबाला विचारूनच छापले जाईल. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय इंटरनेटवर जाणार नाहीत. कोणत्याही व्यापाऱ्याला, बिल्डरला अथवा राजकीय पक्षाला आपल्या कुटुंबांची यादी दिली जाणार नाही.

चौथी, आणि सर्वांत जुनी : रोज थोडा वेळ खोलीत जा आणि दार लावा. मोबाइल दाराबाहेर ठेवा. सुरुवातीला मन बेचैन होईल, हात खिशाकडे जाईल. त्या बेचैनीला घाबरू नका. तीच आपली भूक आहे. दिवसभर आपण तिला काही ना काही दाखवून गप्प करतो, आणि ते पाहून बाजार तिची नोंद ठेवतो. ती भूक एकदा देवासमोर, कोणी पाहत नसताना, उघडी करून पाहा.

येशूने अरण्यात सैतानाला काय उत्तर दिले हे आपल्याला माहीत आहे. भूक खोटी आहे असे तो म्हणाला नाही. भाकर वाईट आहे असेही म्हणाला नाही. माणूस भाकरीपेक्षा मोठा आहे आणि तो देवाच्या शब्दावर जगतो, याची त्याने आठवण दिली. आपणही आपल्या खरेदीपेक्षा मोठे आहोत. आपल्या शोधांची, आपल्या पावलांची, आपल्या रात्रीच्या जागरणांची कितीही मोठी यादी कोणी केली, तरी त्या यादीत आपण पूर्णपणे मावत नाही. आपले पूर्ण नाव फक्त त्यालाच ठाऊक आहे, ज्याने आपल्याला आईच्या उदरात घडवले आणि ज्याने आपल्यासाठी स्वतःचे मोल दिले.

उपवासकाळाच्या या दिवसांत प्रभू येशू आपल्या घरांचे आणि मनांचे रक्षण करो, आणि शेजाऱ्याचे दार जपण्याची बुद्धी आपल्याला देवो. आमेन.

ख्रिस्तामध्ये तुमचा,
प्रमुख धर्मगुरू